खंडोबाच्या माळावरची माती

आमच्या गावातून पुणं बघून आलेले लोक पुष्कळ आहेत. पर्वती चढतात, तुळशीबागेतून बांगड्या आणतात आणि पुढची पाच वर्षं तेवढ्या भांडवलावर बोलतात. पण पुण्याच्या पुढे पाच स्टेशनं गेलं की काय लागतं, हे कुणी सांगत नाही. मी तिथे चार दिवस राहून आले. आल्यापासून इतकी माणसं विचारायला येतायत, की एकदाच सगळं लिहून काढावं आणि वाचनालयात ठेवून द्यावं असं ठरवलं. ज्यांना फक्त खाण्यापिण्याचं वाचायची आवड आहे, त्यांनीही मधली पानं गाळू नयेत. खरी गोष्ट खाण्यातूनच निघाली.

मी करमाळ्याच्या बाजूच्या या गावात तेहतीस वर्षं शिकवलं आणि आता निवृत्त झाले आहे. विमल साळुंखे माझी विद्यार्थिनी. ती तिसरीत असताना ज्वारीच्या काढणीत तिच्या वडिलांच्या डोळ्याला पात लागली. एवढंसं खुपलं, महिन्याभरात बुबुळावर पांढरं आलं आणि डोळा गेला. विमलनं मला विचारलं होतं, "बाई, पानात विष असतं का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेहतीस वर्षांत दिलेल्या उत्तरांपैकी सगळ्यात उपयोगाचं उत्तर बहुधा तेच, कारण त्यानंतर ती शोधतच गेली. सोलापूरला शिकली, पुण्यात सुवर्णपदक मिळवलं, दोन वर्षं परदेशात राहिली आणि तिथली नोकरी सोडून पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात संशोधन करायला परत आली. पानात विष नसतं, बुरशी असते. ती डोळ्यात वाढते. त्या बुरशीला मारणारे थेंब विमलनं तयार केले, आणि मग दिल्लीचं पदक आलं, परदेशातल्या एका मोठ्या संस्थेचं आलं, आणखी दोन-तीन आली. आता तिच्या कॉलनीतल्या लोकांनी तिचा सत्कार ठरवला होता, आणि तिनं हट्ट धरला होता की व्यासपीठावर बाई पाहिजेत.

माझ्या आनंदाला सीमा नव्हती, आणि मनात एक अपराधही होता. तो कशाचा, ते इथेच सांगून टाकते.

असल्या औषधांचे जंतू मातीत सापडतात. म्हणून त्या कारखान्यात एक रीत आहे. कामगार रजेवर गावी निघाला की त्याच्या हातात बुचाच्या लहान बाटल्या देतात. गावाकडची माती भरून आणायची, आणि सोबतच्या चिठ्ठीवर गाव, नेमकी जागा आणि आणणाऱ्याचं नाव लिहायचं. आमच्या गावचा सदाशिव तिथे पाळीवर कामाला आहे. सात-आठ वर्षांपूर्वी तो माझ्यासाठी अशी एक बाटली घेऊन आला. विमलनं लिहिलं होतं, "बाई, खंडोबाच्या माळावर देवळामागे चार बोटं खणून माती पाठवा." त्या आठवड्यात शाळा तपासणी होती. बाटली कोनाड्यात राहिली. सदाशिव निघायच्या दिवशी पहाटे दारात उभा राहिला तेव्हा आठवण झाली. माळ चढायला तास लागतो. मी मागच्या दारी गेले, मोरीचं पाणी जातं तिथल्या अळवाच्या बुडाशी मोडका चमचा खुपसला, बाटली भरली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: खंडोबाचा माळ, देवळामागे. खाली सही केली. उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, भलतंच लिहू नका, असं मुलांना आयुष्यभर सांगत आलेली मी. मनात म्हटलं, माती ती माती, शेकडो बाटल्यांतली एक.

त्याच बाटलीतून विमलचं औषध निघालं.

मला कळलं तेव्हा पेपरात छापून आलेलं होतं. माळावर देवाच्या पायाशी सापडलेला जंतू, अशी बातमी. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की देवाच्या पायाशी नव्हे, माझ्या मोरीच्या घाण पाण्यात? मी गप्प राहिले. गेल्या दिवाळीत विमलची दोन माणसं जीप घेऊन आणखी माती न्यायला आली. मी त्यांना चहा-चिवडा दिला आणि मागच्या दारातून बोट करून माळाची वाट दाखवली. ज्या जागेवर उभी राहून दाखवली, त्याच जागेवर पूर्वी अळू होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते वाळून गेलं आणि पुढे मी तिथे सिमेंटचा कोबा करून घेतला.

पिंपरी

गाडीतला प्रवास सांगण्यासारखा नाही, बसले आणि उतरले. उतरल्यावर आधी वास आला. गूळ, ताक आणि ओली पेंड एकत्र आंबवली तर येईल तसा. सदाशिव न्यायला आला होता. म्हणाला, "बाई, ह्यो आमच्या कंपनीचा वास. चार दिसानं येनार न्हाई." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी येईनासा झाला.

मग भोंगा वाजला. मी दचकून सदाशिवचा दंड धरला. फाटकातून सायकली सुटल्या. शंभर, दोनशे, मोजणं सोडून दिलं. सगळ्यांच्या हँडलला डबा, सगळ्यांची घाई, आणि तरी कुणी कुणाला धडकत नव्हतं. आमच्याकडे शाळा सुटली की चाळीस पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. मी रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहिले आणि अगदी शेवटची सायकल जाईपर्यंत हललेच नाही. सदाशिवची बायको हौसा घरी ताट वाढून वाट बघत बसली होती, याचं भानही राहिलं नाही.

सदाशिव चाळीत राहतो. दोन खोल्या, मागे मोरी, मागच्या बाजूला हातभर जागा. नळ पहाटे येतो आणि तासाभरात जातो. बायका रांगेत उभ्या राहून सातारा, बीड, रत्नागिरी असे सगळे जिल्हे एका नळावर भांडवतात आणि हंडे भरले की एकमेकींची पोरं सांभाळतात. आमच्याकडे आडावर पाणी ओढताना इतकी करमणूक होत नाही. हौसानं मला रांगेत उभंच राहू दिलं नाही. "बाई, तुमी पावनं हायसा. गप बसा."

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्यात कालवलेला कांदा आणि अळूचं फदफदं. मुळ्याचे काप, भिजवलेली डाळ, शेंगदाणे, चिंच-गुळाची बरोबर चव. इतक्या लांब येऊन इतकं घरचं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. दोनदा घेतलं. हौसा म्हणाली, "कसं न्हाई आवडनार? तुमच्याच परसातलं हाय की. मी हिकडं संसाराला आले तवा तुमीच उपटून दिल्यालं चार कंद." मला काही आठवत नव्हतं. आमच्याकडे नांदायला जाणाऱ्या पोरीला कढीपत्त्याचं रोप, अळूचा कंद, गवती चहाचा जुडगा देतातच, कुणाकुणाला काय दिलं ते कोण लक्षात ठेवतं. अळवाचं नाव मात्र मला नको होतं. मी पाणी प्याले आणि विषय बदलला.

प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी विमल न्यायला आली. पांढरा कोट, पायात साधी चप्पल, केस शाळेत असायचे तसेच घट्ट. मी नमस्कार करू का आशीर्वाद देऊ, या विचारात असताना तिनं वाकून पाया पडून माझी सुटका केली.

ज्या टाक्यांत औषध मुरतं त्या तीन मजली उंच आहेत. आत जंतूंना खायला घालतात काय, तर शेंगदाण्याची पेंड आणि गुळाची मळी. आमच्याकडे दुभत्या म्हशीला याहून बरं मिळत नाही. मी असे प्रश्न विचारत सुटले की बरोबरचे साहेब थकले, पण विमल एकेक उत्तर देत होती, आणि मला एकदम जाणवलं की आता ती शिकवतेय आणि मी पहिल्या बाकावर बसलेय. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

तिच्या खोलीत मी पदकं शोधली. दिल्लीचं पदक टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं. एका चांदीच्या पेल्यात काचेच्या नळ्या उभ्या होत्या. मोठी ढाल दार आपोआप लागू नये म्हणून उंबऱ्याशी लावून ठेवली होती. मी रागावले. ती म्हणाली, "बाई, ते दार फार आपटतं हो."

तिथे बबनमामा भेटले. प्रयोगशाळेत बाटल्या, बश्या धुणं, जंतू सांभाळणं, सगळं त्यांच्याकडे. मूळचे पिंपरी गावचेच. खिडकीतून एका टाकीकडे बोट करून म्हणाले, "तितं आमची हरभऱ्याची पट्टी व्हती." बोलताना चेहऱ्यावर राग नव्हता, माहिती दिल्यासारखं सांगितलं. माती आणणाऱ्यांच्या एकेक गमती त्यांनी सांगितल्या. कोकणातल्या एका बाईनं माती चाळून, निवडून पाठवली. साताऱ्याच्या एकीनं तव्यावर खरपूस भाजून दिली, डॉक्टरीणबाईंना जंतूंचा त्रास नको म्हणून. "समदं जंतू मारून मग जंतू शोधाया पाठवलं, व्हय का न्हाई?" मी हसले, पण फार मोठ्यानं नाही.

मग त्यांनी कपाट उघडलं, एक बाटली काढली आणि कपाळाला लावली. "ह्यो आमचा खंडोबा."

बाटलीला चिठ्ठी होती. माझं अक्षर. खंडोबाचा माळ, देवळामागे.

या जंतूला तिथे सगळे खंडोबाच म्हणतात. साहेबसुद्धा. कारण तो बशीत वाढला की भोवती पिवळाधमक रंग सोडतो, अगदी भंडाऱ्यासारखा. देवळामागची माती आणि भंडाऱ्याचा रंग, मग कुणाला शंका येणार? बबनमामा दर चंपाषष्ठीला कपाटाला चिमूटभर भंडारा लावत आले आहेत. सत्काराचं मानपत्रही त्यांनीच पुढाकार घेऊन लिहून घेतलं होतं. त्यातली एक ओळ त्यांना पाठ होती आणि ती त्यांनी मला उभं करून ऐकवली: "उन्हातान्हात खंडोबाचा माळ चढून ज्या माउलीनं ही माती आणली." मी जमिनीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, बाई लाजल्या.

विमलनं मग काचेच्या चपट्या बश्या ओळीनं मांडल्या. आत घट्ट जेलीसारखं काही, त्यावर ठिपके. पहिल्या बशीत हळदीसारखा पिवळा. पुढच्या बशीत फिका, त्याच्या पुढच्यात जेमतेम. शेवटची जवळजवळ पांढरी.

"वर्षागणिक असा उतरत चाललाय," ती म्हणाली. "असं होतं. पिढ्या वाढतात तसा वंश थकतो. रंग जातो तसं औषधही जातं. सगळे उपाय करून झाले. आता मूळ मातीतून नवा काढायला हवा. पण दिवाळीत आणलेल्या मातीत काहीच सापडलं नाही. माळ तोच, देऊळ तेच. मला समजत नाही, बाई."

मला समजत होतं. मी म्हटलं, "सापडेल." आणि खाली आले.

चाकण

तिसऱ्या दिवशी चाकणला डोळ्यांचं शिबिर होतं आणि विमल मला बरोबर घेऊन गेली. भोसरी मागे पडली, मोशीला इंद्रायणी ओलांडली आणि कारखान्यांची धुराडी संपून कांद्याची शेतं लागली. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग असे की त्यामागे बसलेला माणूस दिसत नाही. तिथल्या लोकांनी आम्हाला बाजरीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा दिला. मी ज्वारीची माणूस, बाजरीला नावं ठेवत आले आहे. ती आता मागे घेते. कांद्याला मात्र डोळ्यांच्या शिबिरात सगळेच रडत होते. एका म्हाताऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, "ह्ये बी आजारात धरायचं का?"

दुपारी एक बाई आली. पंचविशीची, खेडच्या वरल्या अंगाची. पदराचा बोळा डोळ्यावर धरलेला. ज्वारी काढताना पात लागली होती, बारा दिवस झाले होते. विमलनं पापणी उचलली आणि बघतच राहिली. मग पिशवीतून थेंबांची बाटली काढून उजेडात धरली. तळाशी थोडं होतं.

"दोन दिवस पुरेल," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तीन आठवडे लागतात. इस्पितळात निरोप देते, कुणाकडे शिल्लक असेल तर जमवते. या हंगामाला आम्ही निम्मीच मागणी पुरवू शकलो."

त्या बाईनं मला विचारलं, "आजी, डोळा ऱ्हाईल ना माझा?" मी तिथली कुणी नव्हते, पण म्हातारी दिसले म्हणून मला विचारलं असेल. विमल जवळच उभी होती आणि ती मला तिसरीतली विमल दिसली. मी त्या बाईचा हात धरला आणि या वेळीही खरं तेच सांगितलं, माहीत नाही म्हणून. परतीच्या वाटेवर मोशीच्या पुलावर माझं ठरलं.

हौसाची मोरी

सत्कार चौथ्या दिवशी दुपारी चारला होता. सकाळीच मी सदाशिवला घेऊन विमलच्या घरी गेले. ती सत्काराची रेशमी साडी इस्त्री करत होती. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. तपासणी, मोडका चमचा, मोरी, अळू, चिठ्ठी. दिवाळीतली जीप आणि दाखवलेली वाटही सांगितली. सांगताना मला माझीच लाज वाटत होती. सदाशिव दारात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

विमलनं इस्त्री बाजूला ठेवली. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. माझी दोन्हीला तयारी होती.

तिनं विचारलं, "अळू अजून आहे का, बाई?"

"नाही गं. दुष्काळात गेलं. वर कोबा केला."

ती खाली बसली. मग म्हणाली, "कोबा फोडू. पण खाली सिमेंट, ना हवा ना पाणी. फारशी आशा नाही." आणि त्यानंतर जरा वेळानं, "सात वर्षं, बाई. एक ओळ लिहायची होतीत." बस, एवढंच. याहून जास्त बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हा सदाशिव भिंतीकडे तोंड असतानाच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, ते अळू गेलंय कुटं? आमच्या मोरीपशी हाय की."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तो वळला आणि घाबरून समजावून सांगायला लागला, की हौसानं बाईंच्या परसातले कंद मातीच्या गड्ड्यासकट फडक्यात बांधून आणले होते, तिनं तेव्हापासून एक दिवस मोरीचं पाणी चुकवलं नाही, आणि परवा बाईंनी तेच तर खाल्लं, दोनदा घेतलं.

विमलनं चप्पलसुद्धा घातली नाही. चाळीपर्यंत आम्ही कसे पोचलो ते सांगता येणार नाही. मला सदाशिवनं सायकलच्या मागे बसवलं होतं आणि आयुष्यात मी पहिल्यांदा सायकलवर बसले होते, एवढं आठवतं. पुढे विमल अनवाणी जवळजवळ पळत होती आणि रस्त्यावरचे कामगार थांबून थांबून तिला नमस्कार करत होते. मला मोठमोठ्यानं गावंसं वाटत होतं.

हौसा भांडी घासत होती. देशभर नाव असलेली डॉक्टरीण तिच्या मोरीत शिरली, पलीकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. अळू हिरवंगार, पानं सुपाएवढी. विमलनं बुडाशी हात घातला, काळी ओली माती चिमटीत घेतली आणि वास घेतला. हौसा घाबरी होऊन म्हणाली, "अवो बाई, घान हाय ती. थांबा, मी सोच्छ करून देते."

"अजिबात स्वच्छ करू नका," विमल म्हणाली. "हात जोडते. काहीही धुऊ नका, भाजू नका."

विमलचा निरोप मिळताच बबनमामा बाटल्यांची टोपली घेऊन धावत आले. तोवर चाळीतल्या सगळ्या बायका कडेला जमल्या होत्या आणि कुणी उलथनं, कुणी चमचे पुढे करत होत्या. प्रत्येक कंदाभोवतीची माती वेगळ्या बाटलीत गेली. चिठ्ठ्या हौसानं बांधल्या. बबनमामांना कशाची माती आणि कशासाठी, ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. ते मन लावून बुचं लावत होते, आणि माझ्यानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

विमल मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सत्कारात यातलं काही सांगायची गरज नाही. आधी सापडू तर द्या."

मी म्हटलं, "सापडो न सापडो, गं. ते तुझं काम. हे माझं आहे."

चारला हॉल भरला होता. विमलनं रेशमी साडी नेसली होती, पण नखांत माती तशीच होती. शाल, श्रीफळ, हार, भाषणं झाली. तिच्या पदकांची यादी वाचली तेव्हा प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या आणि मी सगळ्यांत जास्त वाजवल्या. मग बबनमामा मानपत्र घेऊन उभे राहिले. त्यांची ती ओळ यायच्या आधी मी उठले आणि त्यांना म्हटलं, "मामा, जरा थांबा." आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

आधी कुणाला खरं वाटेना. मग मागून कुणीतरी हसलं, आणि मग सगळा हॉल हसला, मोरीच्या गोष्टीला हसावं तसं मोकळं. बबनमामा हसले नाहीत. त्यांनी मानपत्र टेबलावर ठेवलं, खिशातून पेन्सिल काढली, ती ओळ खोडली, मग उचलून उरलेलं नीट वाचून दाखवलं आणि जाऊन बसले.

हॉल रिकामा झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. ते म्हणाले, "सात वर्सं भंडारा लावला मी त्या कपाटाला. देवाचं काय न्हाई वो, त्यो काय रागावत न्हाई. पन मला कुनीतरी सांगाया पायजे व्हतं, बाई."

"व्हय मामा," मी म्हटलं. "चुकलं माझं." त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडून त्यांचाच शब्द गेला. शाळेत मी मुलांना असं बोलू दिलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीवर मात्र आले, आणि वर्तमानपत्रात बांधलेले हौसाच्या अळवाचे दोन कंद मातीसकट माझ्या मांडीवर ठेवून गेले.

घरी

आल्याबरोबर गवंड्याला बोलावून मागचा कोबा फोडून घेतला आणि ते कंद लावले. शेजारणींना वाटलं, पुण्याचं वारं लागलं.

पाच आठवड्यांनी विमलचं पाकीट आलं. चाकणच्या त्या बाईला निरनिराळ्या इस्पितळांतून थेंब जमवून दिले होते, नजर अंधूक आहे पण डोळा राहिला. पुढे लिहिलं होतं: "हौसाच्या अळवातल्या बऱ्याच बाटल्या वाया गेल्या. एका बशीत काल सकाळी पिवळा आला. तुम्हाला पहिल्या बशीत दाखवला होता त्याहून गडद. बबनमामांना आधी बोलावून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि कपाटाला भंडारा लावून आले. म्हणाले, मोरीतला असला तरी असू दे."

पाकिटात आणखी एक कागद होता. बाटलीवर लावायची कोरी चिठ्ठी. गाव, जागा, आणणाऱ्याचं नाव, सगळ्या जागा रिकाम्या. मागे विमलच्या अक्षरात एक ओळ: "बाई, जुन्या चिठ्ठीच्या जागी ही तुम्हीच भरायची."

मी चष्मा पुसला, दौत-टाक काढला आणि मागच्या दारी अळवापाशी पाट टाकून बसले. गावाचं नाव लिहिलं. जागेपुढे लिहिलं: मोरीच्या मागे, अळवाच्या बुडाशी. आणि खाली पूर्ण नाव: अनसूया विष्णू देशमाने, शिक्षिका.